वंशावळींतील ‘निःसंतान’ व मृतजात अपत्यांची नोंद

घराण्यांचे इतिहास लिहिण्याची हौस महाराष्ट्रांत जुनी आहे व ती अद्यापि ओसरलेली नाहीं. करीना, कैफियत, वंशवृक्ष, कुलवृत्तांत अशा नाना रूपांनीं हें वाङ्मय संशोधकांपुढें येत असतें, आणि त्याचे उपकार मोठे आहेत. परंतु या वाङ्मयांत एक शब्द असा आहे कीं, तो लिहितांना संकलनकाराची लेखणी क्षणभरहि अडखळत नाहीं, आणि वस्तुतः तेथेंच ती अडखळावयास पाहिजे. तो शब्द ‘निःसंतान’. कोठें त्याऐवजीं ‘संतति नाहीं’ असें असतें, कोठें वंशवृक्षाच्या फांदीखालीं नुसती आडवी रेघ ओढलेली असते, अर्थ एकच. या शब्दाला बहुधा कसलाहि स्वतंत्र पुरावा दिलेला नसतो. पुढें वारस दिसत नाहीं, एवढ्यावरूनच तो लिहिलेला असतो. पण वारस नसणें ही एक गोष्ट, आणि अपत्य न होणें ही दुसरी. जिनें नऊ महिने भरून मेलेलें मूल प्रसविलें त्या स्त्रीला निःसंतान म्हणणें हें असत्य विधान होय. आणि तें दयेच्या दृष्टीनें नव्हे तर इतिहासाच्या दृष्टीनें असत्य आहे. म्हणून त्याची चिकित्सा करण्याचें योजिलें आहे.

(१)

ज्या धर्मशास्त्राच्या आधारें आपलीं जुनीं घराणीं चालत आलीं त्यानें हा घोटाळा केलेला नाहीं. गर्भनाशाचे त्यानें महिन्यांवरून भाग पाडिले आहेत. चवथ्या महिन्यापर्यंत गेला तर गर्भस्राव, पांचव्या-सहाव्यांत गेला तर गर्भपात, आणि त्यापुढें जी झाली ती प्रसूतीच, मग मूल जिवंत असो वा नसो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत मूढगर्भाचा जो आठवा अध्याय आहे त्यांतहि स्राव आणि पात यांचा भेद याच महिन्यांवर केलेला आढळतो. म्हणजे वैद्य आणि धर्मशास्त्री यांचें येथें एकमत आहे. प्रसूतीनंतरचे पुनः दोन भेद आहेत. जें जन्मून मग मेलें तें ‘जातमृत’, आणि जें मेलेलेंच जन्मलें तें ‘मृतजात’. याज्ञवल्क्यस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायाचा आरंभच आशौचप्रकरणानें होतो, आणि त्यावरील मिताक्षरेंत विज्ञानेश्वरानें या दोन शब्दांचा जोडीनें विचार केला आहे. पुढें कमलाकरभट्टाचा निर्णयसिंधु (१६१२) व काशीनाथ उपाध्यायांचा पंढरपुरीं झालेला धर्मसिंधु (१७९०) हे ग्रंथ याच परंपरेंतले. या परंपरेचा निष्कर्ष असा कीं, मृतजात अपत्याबद्दल सपिंडांना जननाशौच, ज्याला आपण सोयर किंवा वृद्धि म्हणतों, तें पूर्ण पाळावें लागतें. मृताशौच, म्हणजे सुतक, मात्र नाहीं.

वाचकांनीं या निर्णयाचा अर्थ नीट लक्षांत घ्यावा. शास्त्रानें त्या मुलाचा जन्म मोजला आहे, मृत्यु मोजलेला नाहीं. घरांत दहा दिवस सोयर होतें. देवपूजा बंद होती, भाऊबंदांना कळविलें गेलें होतें, आणि हें सर्व एका जन्मानिमित्त होतें. ज्याचें सोयर साऱ्या भाऊबंदांनीं पाळलें तें अपत्य झालेंच नाहीं, असें त्याच भाऊबंदांच्या वंशावळींत लिहिणें विसंगत नव्हे काय?

याहून बोलकें प्रमाण मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत आहे. तेथें अधिवेदनाचा, म्हणजे पहिली पत्नी असतां दुसरी करण्याचा, काळ सांगितला आहे. वंध्येच्या बाबतींत आठवें वर्ष, मृतप्रजेच्या बाबतींत दहावें, आणि केवळ मुलीच होणारीच्या बाबतींत अकरावें. हें वचन आज कोणास रुचणार नाहीं, व रुचूंहि नये. परंतु इतक्या कठोर वचनानेंहि वंध्या आणि मृतप्रजा यांस एका ओळींत बसविलेलें नाहीं. जो विवेक स्मृतिकारास सुचला तो कुलवृत्तांतकारांस सुचूं नये, ही आश्चर्याची गोष्ट आहे.

(२)

तथापि केवळ आश्चर्य करून भागणार नाहीं. असें कां झालें हें पाहिलें पाहिजे. प्रत्येक दप्तर कोणत्या तरी प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं जन्मास येतें, आणि जो प्रश्न त्यास विचारलेलाच नाहीं त्याचें उत्तर त्यांत सांपडत नाहीं. वंशावळीपुढें असलेला प्रश्न वतनाचा होता. पाटिलकी कोणाकडे, कुळकर्ण कोणाच्या तक्षिमेला, इनामाचा हक्कदार कोण, एवढें ठरविण्यासाठीं ती लिहिली गेली. १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वयें इनामांची चौकशी सुरू झाली तेव्हां ज्या असंख्य वंशावळी दाखल झाल्या त्यांचें प्रयोजनहि हेंच. गर्भस्थ मुलाला वारसा मिळतो तो तें जिवंत जन्मलें तरच. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याच्या विसाव्या कलमांतहि हीच अट आहे. तेव्हां मृतजाताचा हक्क शून्य, आणि म्हणून त्याची नोंदहि शून्य. मिताक्षरेचा दायविभाग कोलब्रुकनें १८१० सालीं इंग्रजींत आणला आणि तो न्यायालयांत वारंवार उघडला जाऊं लागला. त्याच ग्रंथाचें आशौचप्रकरण मात्र उपाध्यायांच्या पोथींतच राहिलें. आपल्या वंशावळी पहिल्या प्रकरणाच्या धोरणानें लिहिल्या गेल्या आहेत. दुसऱ्या प्रकरणास कोणी विचारलेंच नाहीं.

तीर्थोपाध्यायांच्या बाडांचीहि गोष्ट अशीच. तेथें नांवें येतात तीं यात्रेस आलेल्यांचीं आणि ज्यांना पिंड द्यावयाचा त्या पितरांचीं. दोन वर्षांच्या आंतील मूल पुरावें, त्यास अग्नि नाहीं, उदक नाहीं, असें मनु व याज्ञवल्क्य दोघेहि सांगतात. मग मृतजाताचा पिंडाशीं संबंध कोठून येणार? ज्योतिषाची पत्रिका जगणाऱ्याचें भविष्य सांगण्यासाठीं. शकावली राज्याच्या घडामोडींसाठीं. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं जेधे शकावली उजेडांत आणली, तिच्यांत प्रत्यक्ष शिवछत्रपतींचा जन्म शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीयेस नोंदलेला असूनहि त्या तिथीचा वाद पुढें कित्येक वर्षें चालला. जेथें छत्रपतींच्या जन्मतिथीची ही कथा, तेथें नांवहि न ठेवलेल्या बालकाची नोंद शकावलींत शोधूं जाणें व्यर्थ होय.

इतर धर्मीयांच्या दप्तरांची तऱ्हा फारशी निराळी नाहीं. मुसलमानी धर्मशास्त्रांत मूल रडलें काय, किंवा जिवंतपणाचें दुसरें कांहीं चिन्ह दिसलें काय, यावर त्याचा वारसा अवलंबून असतो. ख्रिस्ती देवळांतून बाप्तिस्म्याचीं पुस्तकें ठेवण्याचा दंडक १५६३ सालीं ट्रेंटच्या धर्मसभेनें घातला, व गोवें आणि वसई येथील घराण्यांस त्या पुस्तकांचा मोठा आधार आहे. परंतु बाप्तिस्मा जिवंताला, म्हणून मृतजात त्या पुस्तकांतूनहि सुटतें. सारांश, दप्तराचें मौन हें त्या त्या दप्तराच्या प्रयोजनाचें मौन आहे. त्यावरून एखाद्या स्त्रीच्या कुशीविषयीं निर्णय देणें हें प्रमाणशास्त्राच्या विरुद्ध आहे.

(३)

मग पुरावा कोठें शोधावा? पहिलें साधन घरची रोजकीर्द. बाळंतिणीसाठीं आणलेला डिंक, सुंठ, खारीक, बाळंतशेप, आणि सुईणीस दिलेलें लुगडें-चोळी यांच्या रकमा जेथें पडल्या आहेत, पण पुढें पांचवीच्या पूजेचा किंवा बारशाचा खर्च पडलेला नाहीं, तेथें संशोधकानें थांबावें. मात्र या पुराव्याची मर्यादाहि ध्यानांत ठेविली पाहिजे. मूल बारशापर्यंत पोंचलें नसावें, इतकाच तर्क त्यावरून होतो; तें मृतजात कीं जातमृत, हें रोजकीर्द सांगत नाहीं. शिवाय बारसें मामाच्या घरीं झालें असेल तर त्याचा खर्च मामाच्या कीर्दींत असेल.

दुसरें साधन गांवचें जन्ममृत्यूचें पुस्तक. गांव नमुना नंबर १४ या नांवानें तें महसुली दप्तरांत असतें, आणि लोक त्यास कोतवाल-बुक म्हणतात. जुनीं पानें बहुधा मोडींत आहेत. १८८६ च्या कायद्यानें जन्ममृत्यूच्या नोंदणीची जी सोय केली ती ऐच्छिक होती. त्यामुळें गांवचें हें पुस्तकच सामान्य घराण्यांचा खरा आधार ठरतें. जातीच्या दाखल्यांसाठीं हीं पुस्तकें पूर्वींपासूनच धुंडाळलीं जात. २०२३ सालीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीचें काम सुरू झालें तेव्हां कुणबी नोंदींच्या शोधार्थ गांवोगांवचीं हीं पुस्तकें बाहेर निघालीं व मोडी वाचणारांस पुनः मान आला. ही गोष्ट इष्टच झाली. परंतु सर्वांचें बोट जातीच्या रकान्यावरून खालीं उतरलें. शेजारच्या रकान्यांतील वय कोणी वाचलें नाहीं. मृत्यूच्या पानावर ज्याचें वय दिवसांत लिहिलें आहे तें मूल जातमृत, हें निर्विवाद. पण वयाचा रकाना नुसता कोरा असला तर त्यावरून मृतजात असें ठरवूं नये. कोरेपणा लेखकाच्या आळसाचाहि असूं शकतो. जन्माच्या पानावर त्याच बापाच्या नांवें जोडीची नोंद आहे कीं नाहीं हें ताडून पाहिल्याखेरीज लेखणी उचलूं नये.

तिसरें साधन व्यक्तिनामें. अगोदरचीं मुलें दगावलीं असतां पुढच्या मुलास धोंडू, दगडू, केरू, भिकू अशीं नांवें ठेवण्याची चाल सर्वांस ठाऊक आहे. काळाची दृष्टि पडूं नये हा त्यांतील हेतु. तेव्हां वंशावळींत धोंडू दिसतांच त्याच्या आधीं एखादें गेलेलें भावंड असेल अशी शंका घ्यावी. शंका घ्यावी एवढेंच. कारण एकदां ठेवलेलें नांव पुढें नातवाकडे येतें, आणि तेव्हां त्याचें कारण आजोबा असतो, गेलेलें भावंड नव्हे. आम्ही असेहि वंशवृक्ष पाहिले आहेत कीं, ज्यांत अशा एका नांवावरून दोन ‘मृत अपत्यें’ कल्पून मांडलीं आहेत. निःसंतान हा शब्द जितका निराधार, तितकींच हीं कल्पित अपत्येंहि निराधार होत.

(४)

साधन कोणतें एवढेंच नव्हे, तर तें कोणत्या गांवीं शोधावें हाहि प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तम उदाहरण आमच्या कडेगांव परिसरांतच आहे. कडेगांव आज सांगली जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण आहे. पूर्वीं हा मुलूख खानापूर तालुक्यांत मोडे व कचेरी विट्यास असे. १९४९ सालीं सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले, आणि १९६० सालीं दक्षिण साताऱ्यास सांगली हें नांव मिळालें. याच कडेगांव तालुक्यांतील देवराष्ट्रे या गांवीं १२ मार्च १९१३ रोजीं यशवंतराव चव्हाण यांचा जन्म झाला. देवराष्ट्रे हें त्यांचें आजोळ. घराणें विट्याचें व पुढचें वास्तव्य कऱ्हाडचें. आपला जन्मवृत्तांत त्यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘कृष्णाकांठ’ या आत्मचरित्रांत दिला आहे. बाळंतपण अवघड होऊन आई विठाई यांच्या जिवावर बेतलें, वैद्यकीय मदत जवळ नव्हती. तेव्हां आजीनें सागरोबास साकडें घातलें कीं, यश दे, आठवण म्हणून मुलाचें नांव यशवंत ठेवीन. दोघेंहि वांचलीं आणि नांव यशवंत पडलें.

या एका हकीकतींत शोधकर्त्यास दोन धडे आहेत. पहिला धडा गांवाचा. बाळंतपण माहेरीं करण्याची रीत असल्यामुळें घराण्याच्या मूळ गांवचें दप्तर कितीहि चाळलें तरी तें बाळंतपण तेथें सांपडत नाहीं. विट्याच्या किंवा कऱ्हाडच्या पुस्तकांत देवराष्ट्र्याचा जन्म कसा मिळावा? आज तर कऱ्हाड सातारा जिल्ह्यांत आणि देवराष्ट्रें सांगलींत. सासरचें दप्तर एका जिल्ह्यांत, माहेरचें दुसऱ्या. पहिलटकरणीस धोका अधिक, आणि पहिलें बाळंतपण तर बहुधा माहेरचेंच. म्हणजे मृतजाताची नोंद असलीच तर ती मातुल घराण्याच्या गांवीं असण्याचा संभव अधिक. कुलवृत्तांतकार मात्र पितृकुळाच्या गांवाबाहेर सहसा पाऊल टाकीत नाहींत. सुनेचें माहेर एका शब्दांत उरकलें जातें, आणि त्या शब्दाबरोबरच तिचीं गेलेलीं मुलेंहि उरकलीं जातात.

दुसरा धडा नांवाचा. ‘यशवंत’ या नांवावरून अवघड बाळंतपण कोणी ताडलें असतें काय? तें कळलें तें घरच्या बायकांनीं हकीकत जतन केली व मुलानें ती लिहून ठेविली म्हणून. आजीचें तोंड हें येथें मूळ दप्तर आहे. त्या दिवशीं सागरोबानें ऐकलें नसतें तर नांव ठेवावयास कोणी उरलें नसतें, हकीकत लिहावयास कोणी उरलें नसतें, आणि वंशावळींत त्या जागीं कांहींच दिसलें नसतें. मृतजाताचा इतिहास म्हणजे अशा न लिहिल्या गेलेल्या हकीकतींचा इतिहास.

दुसरें उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचें. वयाच्या चवदाव्या वर्षीं त्यांस मुलगा झाला व तो दहा दिवस जगला. शास्त्राच्या भाषेंत हा जातमृत, मृतजात नव्हे. बाराव्या दिवसापर्यंत तो पोंचला नाहीं. या बालकाचें अस्तित्व आज सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे तें कोणत्या वंशावळीमुळें? कोणत्याहि नव्हे. आई परदेशीं जाऊन १८८६ सालीं वैद्यकाची पदवीधर झाली, आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र या विषयावर तिनें प्रबंध लिहिला, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं ती वारली, आणि दुसऱ्याच वर्षीं कॅरोलाइन डॉल या बाईंनीं बोस्टन येथें तिचें चरित्र छापिलें. पुढें काशीबाई कानिटकर यांनीं मराठींत लिहिलें. आई थोर झाली म्हणून दहा दिवसांच्या मुलास इतिहासांत जागा मिळाली. ज्यांच्या आया थोर झाल्या नाहींत त्यांचें काय? नुसता वंशवृक्ष पाहून लिहिणारा या जोशी दंपतीच्या खालींहि ‘निःसंतान’ असेंच लिहून मोकळा झाला असता.

(५)

आतां अलीकडील कायद्याकडे वळूं. १९६९ च्या जन्ममृत्यु नोंदणी कायद्यांत ‘जन्म’ या शब्दाची व्याख्या अशी केली आहे कीं, तींत जिवंत जन्म आणि मृतजन्म या दोहोंचा अंतर्भाव होतो. उलट ‘मृत्यु’ म्हणजे जिवंत जन्मानंतर जीवनाच्या सर्व चिन्हांचा कायमचा लोप. अर्थात् मृतजाताचा या कायद्यानें जन्म होतो, मृत्यु होत नाहीं. नियमांनीं गर्भकालाची मर्यादा अठ्ठावीस आठवड्यांची ठरविली, म्हणजे सातव्या महिन्याच्या आसपास. आणि त्यासाठीं तिसऱ्या क्रमांकाचा निराळा नमुना व निराळी नोंदवही ठेविली. वाचकांच्या लक्षांत येईलच कीं, सोयर आहे पण सुतक नाहीं, हा जो धर्मशास्त्राचा निर्णय तोच येथें दुसऱ्या भाषेंत अवतरला आहे, आणि महिन्यांची सीमाहि जवळ जवळ तीच. कायदेकारांनीं मिताक्षरा पुढें ठेवून हें केलें असें आमचें म्हणणें नाहीं. वस्तुस्थितीचा नीट विचार करणारे दोघे एकाच जागीं येऊन पोंचले, इतकेंच. इंग्लंडांत व वेल्समध्यें मृतजन्मांची नोंदणी १९२७ च्या जुलैपासून सुरू झाली, स्कॉटलंडांत १९३९ सालीं. तेव्हां तिकडील घराण्यांचा शोध करणारेहि त्यापूर्वींच्या काळासाठीं आपल्याइतकेच निराधार आहेत.

कोणी म्हणेल, या नोंदींचा इतिहासास उपयोग काय? उपयोग थोडा नाहीं. दत्तक कां घेतला, दुसरें लग्न कां झालें, दोन भावंडांत आठ वर्षांचें अंतर कां पडलें, त्र्यंबकेश्वरीं नारायणनागबळ कां केला, या प्रश्नांचीं उत्तरें कित्येकदां याच न लिहिलेल्या ओळींत असतात. ‘निःसंतान म्हणून दत्तक’ आणि ‘तीन अपत्यें जातमृत होऊन दत्तक’ या दोन निरनिराळ्या घराण्यांच्या कथा आहेत. पहिलींत एका स्त्रीवर वंध्यत्वाचा शिक्का बसतो, आणि तो छापील पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

यासाठीं कुलवृत्तांतकारांनीं कांहीं नियम पाळावे अशी आमची सूचना आहे. एक : अपत्य न झाल्याचा लेखी किंवा विश्वसनीय तोंडी पुरावा असल्यावांचून ‘निःसंतान’ लिहूं नये; ‘संततीची नोंद नाहीं’ असें लिहावें. दोन : ‘अल्पायुषी’ या मोघम शब्दाखालीं सर्व कांहीं न ढकलतां जेथें पुरावा आहे तेथें ‘मृतजात’ व ‘जातमृत’ हे जुने, नेमके शब्द वापरावे, आणि क्रमांत त्या अपत्याची जागा राखावी. तीन : प्रत्येक नोंदीपुढें आधार लेखी, तोंडी कीं अनुमानिक, हें स्पष्ट करावें. चार : सुनांचीं माहेरगांवें तालुक्यासह द्यावीं आणि तेथील पुस्तकें पाहावीं. पांच : जिवंत व्यक्तींच्या किंवा नजीकच्या काळांतील अशा नोंदी संबंधित स्त्रीच्या संमतीशिवाय छापूं नयेत. संशोधन झालें तरी कोणाचें दुःख चव्हाट्यावर मांडण्याचा हक्क त्यास नाहीं.

शेवटचा नियम सर्वांत निकडीचा आहे, कारण त्यास काळाची मुदत आहे. घरांतील वृद्ध स्त्रियांस विचारावें. पुरुषांस विचारलें तर ते हयात मुलांचीं नांवें सांगतात. बायका ‘सात झालीं, चार राहिलीं’ अशा हिशेबानें सांगतात. हा हिशेब कोणत्याहि रुमालांत बांधलेला नाहीं, कोणत्याहि दप्तरखान्यांत ठेवलेला नाहीं, आणि सांगणारी गेली म्हणजे तोहि जातो. मोडी कागद आणखी पन्नास वर्षें वाट पाहील; ही वाट पाहणार नाहीं. आजपर्यंत वंशावळींनीं फक्त चार लिहिलीं. सातांपैकीं उरलेल्या तिघांस नांव नसेल, वतन नसेल, पिंड नसेल. परंतु त्यांचें सोयर घरानें पाळलें होतें, आणि तेवढ्या प्रमाणावर त्यांस वंशवृक्षांत एक ओळ मिळणें न्याय्य आहे.